सोबत तीन खरे मित्र आणणे

सायकलवरच्या दूधवाल्यानं सम्मेद मगदूमला मागं टाकलं, तेव्हा सम्मेद शंभराच्या पुढं पळू शकणाऱ्या नव्याकोऱ्या मोटरसायकलवर बसला होता.

दूधवाल्याच्या दोन्ही बाजूला कॅन, गालात तंबाखू. जाता जाता त्यानं मान वळवून विचारलं, "पंक्चर हाय काय रं?"

"न्हाई."

"मग चार्जिंग संपलंय?"

"न्हाई ओ काका."

"मग पोरं बघालीत व्हय," असं म्हणून दूधवाला समजूतदारपणे पुढं निघून गेला.

पोरं बघतच होती. चौकातल्या चहाच्या गाड्यापाशी ओंकार कोष्टी, अल्ताफ बागवान आणि दिग्विजय ऊर्फ दिग्या असे सम्मेदचे तीन जानी दोस्त बाकड्यावर ओळीनं बसले होते. पाच मिनिटांपूर्वी शिरढोणच्या रस्त्याला, दोन्ही बाजूला ऊस आणि बघायला फक्त एक म्हैस असताना, हीच गाडी एकसष्टनं चालली होती. चौक दिसला तसे चाळीस झाले. दिग्यानं शिट्टी मारली, सतरा झाले. सम्मेदनं मान जरा ताठ केली, एक हात सोडून केस... म्हणजे केस हेल्मेटच्या आत होते, तरी हात वर गेलाच, आणि गाडी नऊवर आली.

अल्ताफ चहाचा ग्लास घेऊन उठला आणि गाडीच्या बाजूनं भराभरा चालायला लागला. "घे भावा, अर्धा कटिंग घे. तू कुठं थांबू नको, मी येतो बरोबर."

सगळा दोष डोक्यावरच्या हेल्मेटचा होता. सरकारी कागदावर त्याचं नाव भलतंच लांबलचक आणि संस्कृत होतं. लोक त्याला लगाम म्हणायचे.

लगामाची गोष्ट अशी. माणसाच्या कपाळामागं मेंदूचा एक भाग असतो, त्याचं काम एकच, 'थांब जरा' म्हणणं. हा भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जावी लागते, कुणाकुणाची पंचविशी येते. पण मेंदूत खोलवर दुसरा एक भाग असतो, तो 'चल, मजा येईल' म्हणतो, आणि तो चौदा-पंधराव्या वर्षीच दंड थोपटून उभा राहतो. म्हणजे इचलकरंजीच्या भाषेत सांगायचं तर यंत्रमागाला मोटर आज जोडून मिळते आणि बंद करायचा स्विच दहा वर्षांनी पोस्टानं येतो. मधली दहा वर्षं माग कसा चालत असेल, ते ज्याच्या घरात तरणं पोर आहे त्याला विचारा.

हे डॉक्टरलोकांना जुनंच माहीत होतं. नवीन एवढंच झालं, की हेल्मेटच्या अस्तरात मसुराएवढे बावीस ठिपके बसवून मेंदूतली ही ओढाताण चालत्या गाडीवर मोजता यायला लागली. 'चल' किती जोरात ओढतंय आणि 'थांब' किती घट्ट धरतंय, त्याचा सेकंदाला दहा वेळा हिशोब होऊन एक आकडा निघायचा, शून्य ते शंभर. 'थांब' जितकं घट्ट, तितका आकडा मोठा. तो आकडा हेल्मेट गाडीला कळवायचं आणि गाडी ताशी तेवढ्याच किलोमीटरनं पळायची, वर एक पण नाही. शिवाय तो हेल्मेटच्या मागच्या बाजूला लाल दिव्यात झळकायचा, म्हणजे मागून येणाऱ्यालाही कळावं की पुढं कोण चाललंय.

आणि यातला सगळ्यात खवचट शोध हा, की एकट्या पोराचा आकडा वेगळा आणि दोस्त बघत असताना वेगळा. दोस्त दिसले की तरण्या मेंदूतलं 'चल' दुप्पट चेकाळतं. दोस्तांनी काही बोलायचीही गरज नसते. नुसते असले तरी पुरे.

लगाम सक्तीचा झाला आणि वर्षभरात समाज उलटापालटा झाला. पूर्वी जोरात जाणारा पोरगा वाया गेलेला समजायचे. आता सत्तरनं जाणारा दिसला की आयाबाया म्हणायच्या, "काय संस्कार आहेत बघा!" स्थळ बघायला आलेले लोक पगार नंतर विचारायचे. आधी मुलीचा बाप अंगणात येऊन म्हणायचा, "जरा एक चक्कर मारून दाखवा." बऱ्याच प्रतिष्ठित मंडळींनी अचानक तब्येतीसाठी पायी चालायला सुरुवात केली.

सम्मेदच्या शीतलमामाचा आकडा तेरा होता. वय अठ्ठेचाळीस, मोटरसायकलच्या सुट्या भागांचं दुकान, डाव्या पायानं लंगडणारा आणि सदा दात काढलेला. मामा गाडीवर निघाला की मागच्या गाड्यांना वाटायचं मिरवणूकच चालली आहे. "माझा मेंदू कायम तरणा राहिलाय," असं तो अभिमानानं सांगायचा.

पाय लंगडा का, तर विसाव्या वर्षी दोस्ताच्या वरातीपुढं त्यानं मोटरसायकल एका चाकावर उभी केली होती. मांडीचं हाड तीन जागी मोडलं. अकरा महिने तो बहिणीच्या घरी पलंगावर पडून होता. ती बहीण म्हणजे सम्मेदची आई, त्रिशलाबाई.

आता त्रिशलाबाईंच्या सहीवाचून सम्मेदचं पान हलणार नव्हतं. शिकाऊ लायसन कुणालाही मिळायचं, पण एकवीसच्या आतल्या पोराला पक्कं लायसन हवं तर अर्जावर पालकाची सही लागायची. आणि लायसन हवंच होतं. मागांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीनं सम्मेदला नोकरी देऊ केली होती. पंधरा गावांत पसरलेले माग, कुठं माग अडला की वीस मिनिटांत माणूस तिथं पोचला पाहिजे. सम्मेदच्या हाताला मागाचं कळत होतं. आवाज ऐकून तो सांगायचा की बिघाड कुठं आहे. फक्त महिन्याअखेर लायसन दाखवायचं होतं.

"आई, सही कर की."

त्रिशलाबाई भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझ्या भावाला अकरा महिने पलंगावर भांडं दिलंय मी. पोराला द्यायची ताकद न्हाई माझ्यात."

"अगं आता लगाम आलाय. गाडीच पळत न्हाई."

"मग कशाला पाहिजे?"

सम्मेदनं अर्ज उचलून चुलीपासून लांब, पण आईला दिसेल असा ठेवला. तीन भाकरी झाल्यावर त्रिशलाबाईंनी हात पुसले, चष्मा लावला आणि अर्ज पुढं ओढला. "एकदाच करते. नापास झालास तर एकवीस पूर्ण होईपर्यंत गाडीचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल."

सही झाली. दुसऱ्या दिवसापासून त्रिशलाबाईंनी एकवेळ जेवायला सुरुवात केली. पोरगं नापास व्हावं म्हणून. हे त्यांनी शेजारच्या तीन घरांत सांगितलं, पोराला सोडून.

परीक्षेचे तीन टप्पे होते. मोकळा रस्ता, बाजार आणि मित्र. टप्पा संपताना तिन्हीत आकडा चाळीसच्या वर असला तर पास, मध्ये कितीही पडो. पहिल्या दोन टप्प्यांत सम्मेद बावन्न आणि सत्तेचाळीसनं आरामात निघाला. तिसऱ्याच्या अर्जावर छापलं होतं, 'सोबत तीन खरे मित्र आणणे.' खाली तीन नावांना तीन रिकाम्या ओळी.

सम्मेद ती ओळ वाचून पंधरा मिनिटं मामाच्या दुकानाच्या पायरीवर बसला. मामानं अर्ज हातातून घेतला, वाचला आणि आनंदानं मांडीवर थाप मारली.

"एवढंच? मित्र मी देतो की तुला!"

"मामा, खरे पाहिजेत."

"खरेच देतो. आधारकार्ड असलेले."

सोमवारी मामानं तीन मित्र उभे केले. एक निवृत्त मुख्याध्यापक, वय बहात्तर. एक सहकारी बँकेतले माजी कॅशियर, ते बसल्या जागी पेंगायचे. तिसरे पतसंस्थेच्या वसुली विभागातले गृहस्थ, त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या तीस वर्षांत हसू उमटलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तिघांनाही मामानं पाठ करून घेतलं होतं की सम्मेदला 'भावा' म्हणायचं.

परीक्षा केंद्रावर डोंगरदिवे मॅडम होत्या. पन्नाशीच्या, शांत, पदर खोचलेला, आणि रोज तरण्या पोरांचे मेंदू बघून बघून कशाचंच नवल न उरलेल्या. त्यांनी सम्मेदला लगाम घातला, तिघांना समोर उभं केलं आणि पडद्याकडं बघितलं. पडद्यावर एक रेष सरळसोट चालली होती.

"हे तुमचे मित्र?"

"हो मॅडम."

मुख्याध्यापक घसा साफ करून म्हणाले, "काय... भावा... कसं काय चाललं आहे तुझं?"

पडद्यावरची रेष आणखी सपाट झाली. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मगदूम, मित्र दिसला की माणसाच्या मेंदूत थोडी तरी खळबळ होते. तुमचा मेंदू यांना बघून झोपलाय. ते बघा, हे गृहस्थही झोपलेत."

कॅशियर खरंच झोपले होते.

"गुरुवारी सकाळी दहा वाजता या," मॅडम म्हणाल्या. "खरे आणा. आणि ऐका, ते तिथं काहीही करोत, त्यांना मुभा आहे. रस्त्यावरही असतेच. तुम्ही फक्त गाडीवरून खाली उतरायचं नाही. उतरलात की परीक्षा संपली."

बुधवारी संध्याकाळी सम्मेदनं तिघांना चहाच्या गाड्यापाशी गाठलं आणि हात जोडले. खरोखरचे जोडले. आईची अट सांगितली, नोकरीचं सांगितलं.

"बघा, उद्या फक्त यायचं. कोपऱ्यावर उभं राहायचं. तोंडातनं चकार शब्द काढायचा न्हाई. शिट्टी न्हाई, टाळी न्हाई, काही न्हाई."

तिघं एकदम गंभीर झाले. सम्मेदनं त्यांना इतकं गंभीर शाळेच्या निकालाच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

"भावा," ओंक्यानं छातीवर हात ठेवला, "तुझ्या नोकरीचा प्रश्न हाय. आमच्या तोंडातनं आवाज आला तर बघ."

"आईशप्पथ," अल्ताफ म्हणाला.

"चिंताच सोड," दिग्या म्हणाला आणि शेजारी चहा पीत उभ्या मामाकडं बघून डोळा मारला. तेव्हाच सम्मेदला कळायला पाहिजे होतं. पण माणसाला आशा असते.

गुरुवारी परीक्षेचा रस्ता म्हणजे केंद्रामागचा खराखुरा वाहता रस्ता होता, पाऊण किलोमीटरचा. दोन्ही बाजूला घरं, भाजीच्या दोन गाड्या, मध्ये एक वळण आणि त्या वळणावर डावीकडून येऊन मिळणारा एक बोळ. मित्रांसाठी बोळाच्या तोंडाशी चुन्याचा गोल आखलेला. दर दोन मिनिटांनी एक उमेदवार सुटायचा. मॅडम रस्त्याच्या शेवटच्या खोलीत पडद्यासमोर बसायच्या. हेल्मेटच्या कॅमेऱ्याला दिसेल ते त्यांना दिसायचं, आणि शेजारच्या बाकावर बसलेल्या पालकांनाही. त्रिशलाबाई पहिल्याच बाकावर, मांडीवर पिशवी घट्ट धरून बसल्या होत्या.

सम्मेदच्या मागं जयसिंगपूरची एक मुलगी होती. तिच्या आकड्याचा दिवा चौपन्नला चिकटून बसला होता, जणू रंगवलाय.

सम्मेद सुटला. शेहेचाळीस. आकडा धरून होता. त्यानं मनाशी ठरवलं होतं, वळणावर बघायचंच नाही. नाकासमोर बघायचं. बेचाळीस. चव्वेचाळीस. वळण आलं.

आणि हलगी कडाडली.

एक नव्हे, दोन हलग्या. बरोबर झांजा आपटणारा एक कैताळवाला. चुन्याच्या गोलात ओंक्या, अल्ताफ आणि दिग्या ओठ घट्ट मिटून, हाताची घडी घालून, शब्दाला जागून उभे होते. त्यांच्या तोंडातून चकार शब्द येत नव्हता. हलगीवाले त्यांनी खास कबनूरहून आणले होते. मामा बाजूला लंगडत नाचत होता.

एकतीस.

मग त्याला फ्लेक्स दिसला. बोळाच्या तोंडाशी, विजेच्या खांबापासून समोरच्या कुंपणापर्यंत ताणून बांधलेला, दहा बाय बारा. त्यावर सम्मेद होता, कमरेवर हात, डोळ्यावर काळा चष्मा, कानाला फोन. 'इचलकरंजीची शान, दोस्तांची जान, मा. सम्मेददादा मगदूम यांना मोटरसायकल लायसन मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली हात जोडलेले तीन शुभेच्छुक. वर कोपऱ्यात गोलात मामाचा फोटो, आणि त्याखाली 'प्रेरणास्थान'.

खोटं कशाला बोला, त्याला तो फोटो आवडला. छाती फुगली. हात हँडलवरून सुटून वर जायला लागला.

सोळा.

आणि फ्लेक्सच्या मागून, बोळातून, मेथीच्या दोन पिशव्या घेतलेली एक आजीबाई थेट त्याच्या चाकासमोर आली.

सम्मेदनं ब्रेक दाबला. गाडी थांबली. पुढचं चाक आणि आजीचं पातळ यात एक वीत अंतर होतं. एक पिशवी सुटली, मेथी रस्त्यावर पसरली. हलगी बंद पडली.

"डोळं फुटलं काय रं तुझं?" आजी म्हणाली.

"आज्जी, दिसलं न्हाई. बोर्ड आडवा आला."

आजीनं वळून बोर्डाकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं. परत बोर्डाकडं बघितलं. "तूच हाईस न्हवं हा? नाक एवढं सरळ न्हाई तुझं. मग काढ की तो! पोराबाळांची वाट हाय ही." आणि ती तिथंच रस्त्याच्या मधोमध बसून मेथी गोळा करायला लागली.

सम्मेदनं चाकापुढची ती वीत परत एकदा बघितली. तो मघाशी शेहेचाळीसनं येत होता. शेहेचाळीसच राहिला असता, म्हणजे अगदी पास होण्याजोगा, शहाणा, जबाबदार राहिला असता, तर ही वीत उरली नसती. पोरकटपणानं गाडी सोळावर आणली म्हणून आजी मेथी गोळा करत होती. यात त्याची स्वतःची कमाई काहीच नव्हती.

आणि मागून चौपन्नवाली यायची होती. तिला वळणावरून फक्त दहा बाय बाराचा काळ्या चष्म्यातला सम्मेद दिसणार होता.

"बोर्ड काढा," तो ओरडला.

"आधी तू जा लेका!" ओंक्यानं मौन सोडलं. "आकडा पडलाय, जा पुढं, अजून चढंल! आम्ही काढतो मागनं!"

"आत्ता काढा! बोळातनं पोरं येतात!"

"अरे दोन मिनिटं!"

दोन मिनिटं नव्हती. सम्मेदनं आजीकडं बघितलं, वळणाकडं बघितलं. स्टँड लावला आणि उजवा पाय उचलला.

कानात हेल्मेटमधल्या बाईचा गोड आवाज आला, "उमेदवार वाहनावरून उतरल्यास परीक्षा समाप्त होईल."

पाय हवेतच राहिला. डोळ्यापुढं महिन्याअखेरची तारीख आली. पंधरा गावं आली. एकवीस पूर्ण व्हायला एक वर्ष आणि सात महिने होते, ते सगळे एकेक करून समोरून गेले.

"उतरू नको!" तिघं एका सुरात. "उतरू नको, आईची अट हाय!" मामा.

"उमेदवार वाहनावरून..."

"उतरलो बाई, उतरलो," सम्मेद म्हणाला आणि उतरला.

आधी त्यानं आजीला हाताला धरून कडेला नेलं. मग खांबाकडं पळाला. दोरीला हात घातला आणि कळलं, की गाठ ओंक्यानं मारली आहे. ओंक्या चार पिढ्यांचा विणकर. सुटणारी गाठ त्याच्या घराण्यात कुणी मारलीच नव्हती. सम्मेदनं दोन्ही हातांनी फ्लेक्स धरला आणि ओढला. फाटत फाटत तो त्याच्याच सरळ केलेल्या नाकातून गेला, तिन्ही शुभेच्छुकांच्या जोडलेल्या हातांतून गेला, आणि सगळ्यात शेवटी प्रेरणास्थान लोंबकळत खाली आलं.

बोळ मोकळा दिसला. बोळात खरंच दोन पोरी दप्तर घेऊन उभ्या होत्या. त्याच क्षणी जयसिंगपूरची मुलगी वळणावर आली. तिनं लांबूनच पोरी बघितल्या, वेग कमी केला, त्यांना जाऊ दिलं, आणि दिवा चौपन्नवरच ठेवून निघून गेली. जाताना सम्मेदकडं बघितलंही नाही.

तिघं दोस्त मात्र बघत होते. इतक्या वाईट नजरेनं त्यांनी त्याच्याकडं कधी बघितलं नव्हतं.

"आमची तोंडं फाडलीस," दिग्या म्हणाला. "तुझं नाक मी स्वतः सरळ केलं होतं. दोन तास लागले."

"आज्जी मेली असती, दिग्या."

"आम्ही काढणारच होतो!"

"कधी? अभिनंदनाचे पेढे खाऊन? मला नोकरी मिळाली असती आणि इथं एखादं पोरगं गेलं असतं, मग परत दुसरा बोर्ड लावला असता, भावपूर्ण वाला. बस करा की राव!"

तिघांपुढं त्यानं आवाज चढवायची ही पहिलीच वेळ. सम्मेद वळून फ्लेक्सचे तुकडे उचलायला लागला, आणि त्याची पाठ त्यांच्याकडं झाली.

"अबे," अल्ताफ हळूच म्हणाला. "आकडा बघा."

हेल्मेटच्या मागं लाल दिव्यात अठ्ठावन्न होते.

"दोस्ती बघितली की सोळा," ओंक्या सुस्कारा टाकून म्हणाला, "आणि दोस्ती फाडली की अठ्ठावन्न. काय मशीन हाय!"

तोवर डोंगरदिवे मॅडम आल्या. पदर खोचलेला, हातात पाटी, मागून त्रिशलाबाई. मॅडमनी फाटका फ्लेक्स बघितला, मेथी बघितली, हलगीवाल्यांकडं बघितलं, ते खांबामागं सरकले. मग त्या म्हणाल्या, "मगदूम, तुम्ही गाडीवरून उतरलात."

"हो मॅडम."

"नियम सांगितला होता."

"हो मॅडम."

"नापास."

हे ऐकल्याबरोबर दोस्तांचा राग जागच्या जागी दिशा बदलून मॅडमकडं वळला. "ओ मॅडम, आज्जी वाचवली त्यानं!" अल्ताफ पुढं आला. "हा कसला नियम?" दिग्या बाह्या सारायला लागला. मामा म्हणाला, "मी वरपर्यंत जाईन!" त्याच्या पायाकडं बघता ते जरा वेळखाऊ झालं असतं.

"ए, मागं व्हा," सम्मेद म्हणाला. "मॅडमचं बरोबर हाय. उतरलो ते उतरलो. मला ठाऊक असून उतरलो." मग मॅडमना म्हणाला, "चुकलं माझं. आधीच येऊन कोपरा बघायला पाहिजे होता. मित्र कसे हायत ते मला माहीत होतं की."

मॅडमनी त्याच्या मागं वाकून दिवा बघितला. सहासष्ट. पाटीवर 'नापास' लिहिताना त्यांचं पेन जरा अडखळलं, पण त्यांनी लिहिलं.

सम्मेदनं आईकडं बघायचं टाळलं होतं. आता बघितलं. त्रिशलाबाई फाटक्या फ्लेक्सवर उभ्या होत्या. पिशवी आता छातीशी होती. नऊ दिवस एकवेळ जेवल्या होत्या आणि आज मनासारखं झालं होतं. पण चेहरा मनासारखं झालेल्या बाईचा नव्हता.

"समद्या वाटेनं तुझ्या डोळ्यानं बघत होते मी," त्या म्हणाल्या. "त्या पडद्यावर. म्हातारी आली तवा माझा जीव गेला. मग तुझा पाय दिसला. वर उचललेला."

"आई, अट लक्षात हाय. एकवीसपर्यंत न्हाई काढणार नाव."

"गप बस." त्या मॅडमकडं वळल्या. "ह्याच्या मामानं त्या वरातीत एकदा जरी गाडीवरनं खाली पाय ठेवला असता, तर माझी अकरा महिन्यांची झोप वाचली असती. मॅडम, पुढची तारीख कधीची हाय?"

"तीन महिन्यांनी मिळते, काकू."

"तीन महिने?" त्रिशलाबाईंनी पिशवीतून चष्मा काढला. "आणि नोकरीवाले थांबतात व्हय तवर? त्यांच्याशी मी बोलते. तुम्ही जवळची तारीख बघा. कुणी ना कुणी आजारी पडतंय, कुणाचं लग्न निघतंय, एखादी जागा मोकळी होतीय की. सही आत्ता घ्या माझी. पोरगं तयार हाय माझं."

सम्मेदनं हे ऐकलं. शेवटचं वाक्य त्याच्या कानातून आत गेलं आणि कपाळामागच्या त्या शहाण्या भागाला वळसा घालून थेट खोल उतरलं. त्याला तिथंच, रस्त्याच्या मधोमध, ओरडावंसं वाटलं. त्या लंगड्या मामाला उचलून गरागरा फिरवावंसं वाटलं. गाडी एका चाकावर उभी करून पाऊण किलोमीटर न्यावीशी वाटली. तो जागचा हलला नाही. नुसता उभा होता, हात बाजूला, चेहरा सरळ.

हेल्मेट अजून डोक्यावरच होतं. मागचा दिवा सहासष्टवरून एकवीसवर आला, एकवीसवरून अकरावर, आणि अकरावरून पाचवर येऊन लुकलुकायला लागला.

ओंक्यानं बघितलं. अल्ताफनं बघितलं. दिग्यानं बघितलं आणि या वेळी तिघंही खरोखर गप्प राहिले.

त्रिशलाबाई चष्मा लावत मागं वळत होत्या. डोंगरदिवे मॅडम दोन पावलं झपकन पुढं आल्या, मध्ये उभ्या राहिल्या, आणि त्यांनी हलक्या हातानं सम्मेदच्या हनुवटीखालचा पट्टा सोडून हेल्मेट उतरवून घेतलं. दिव्याची बाजू स्वतःच्या पोटाशी धरली.

"काय झालं हो?" त्रिशलाबाईंनी विचारलं.

"काही नाही, काकू," मॅडम म्हणाल्या. "उकडत असेल त्याला."